व्हायोलिनवाल्या लेकीला 'पहिल्या खुर्चीत' बसायचंय. कोणी गेलंय का या वाटेने?

कर्वेरोडकर (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ९.१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

लेक बारावीला आहे. सहा वर्षांची असल्यापासून व्हायोलिन वाजवते, पाश्चात्त्य पद्धतीचं. म्हणजे हनुवटीखाली धरून, समोर नोटेशन ठेवून. (तिच्या आजीला अजून आशा आहे की ही एक दिवस मांडी घालून बसेल आणि यमन वाजवेल.) पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांमधली आठवी ग्रेड गेल्या वर्षी झाली. आम्ही धरून चाललो होतो की छंद आहे, इंजिनिअरिंगला गेली की शनिवार-रविवारी वाजवेल.

गेल्या सप्टेंबरात तिला मुंबईला एनसीपीएच्या नाट्यगृहात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमाला घेऊन गेलो. रात्री परतीच्या शिवनेरीत आम्ही दोघं पेंगत होतो. लोणावळ्याच्या आसपास बाईसाहेब म्हणाल्या, "बाबा, मला सोलो नको. मला ऑर्केस्ट्रात बसायचंय. आणि जमलं तर पहिल्या खुर्चीत." झोप उडाली.

घरी सांगितलं तर धाकटा भाऊ म्हणाला, "म्हणजे गणपतीत वाजवणार?" त्याला हसलो खरा, पण मलाही फारसं कुठे माहीत आहे? कार्यक्रमात एवढंच बघितलं की सगळे बसल्यावर एक जण उशिरा आला, त्याला वेगळ्या टाळ्या मिळाल्या, त्याने उभं राहून सगळ्यांची वाद्यं लावून घेतली, आणि नंतर आलेल्या कंडक्टरने फक्त त्याच्याशी हात मिळवला. त्याला कॉन्सर्टमास्टर म्हणतात, असं लेकीने सांगितलं. हातवारे करायला कंडक्टर असताना हा माणूस नेमकं करतो काय? या कामावर आयुष्य निघतं का? पुण्यात बसून त्या खुर्चीपर्यंतचा रस्ता कुठून सुरू होतो? कोणाला माहीत असेल तर सांगा. 'मुलीला तिच्या मनासारखं करू द्या' हा सल्ला बायकोने दिलेला आहे, तो नको.

पेठेतला_पंतोजी | रविवार, सकाळी ९.४०

भावाचं फार चुकलं नाही हो. पुण्यात ऑर्केस्ट्रा म्हणजे मेलडी मेकर्स, मांडवापुढच्या खुर्च्या आणि 'वन्स मोअर'. तुम्हाला म्हणायचंय ते वाद्यवृंद. शब्द आहे, तो वापरावा.

झोपाळू_मांजर | रविवार, सकाळी १०.०२

वाचतेय. 'उशिरा येऊन टाळ्या मिळवणारा' हे पद आमच्या ऑफिसातही आहे.

रेकॉर्डवेडा | रविवार, दुपारी १२.३०

पंतोजी, गंमत अशी की त्या 'वन्स मोअर'वाल्या गाण्यांच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये चांगला मोठा व्हायोलिनचा ताफा असायचा, आणि त्यात बरेच गोव्याचे. गावातल्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईत आलेले. अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलंच नाव. माजोर्ड्याचे. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, म्हणून १९७७ साली लक्ष्मी-प्यारेंच्या एका गाण्यात गुरूचं नाव थेट मुखड्यात आलं. लोकांना वाटतं ते काल्पनिक पात्र आहे. १९५८ साली या माणसाने मुंबईत भारतीय रागांवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून दाखवला होता.

आणि आपल्या पुण्याचे प्रभाकर जोग विसरू नका. बाबूजींच्या गीतरामायणाला व्हायोलिनची साथ त्यांची. पुढे 'गाणारं व्हायोलिन' म्हणून घरोघरी पोचले. २०२१ साली गेले. म्हणजे व्हायोलिनवर आयुष्य काढलेली माणसं आपल्या आसपास होतीच. फक्त ती रेकॉर्डिंग स्टुडिओत बसत, त्यामुळे दिसली नाहीत. पुढे सिंथेसायझर आला आणि ते ताफे पांगले.

दुसरा_डेस्क | रविवार, रात्री १०.४०

कर्वेरोडकर, मी या वाटेने गेलेय. एरंडवण्यात वाढले, कॅम्पातल्या एका गोवेकर सरांकडे शिकले, एकोणिसाव्या वर्षी जर्मनीला गेले. तिकडच्या एका मध्यम शहराच्या ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं पहिल्या व्हायोलिनमध्ये काढली. आता परत आलेय, शिकवते. पहिल्या खुर्चीच्या अगदी मागे बसायचे, म्हणून हा आयडी. मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ती खुर्ची. मोठ्या ऑर्केस्ट्रात सोळा जण पहिलं व्हायोलिन वाजवतात, चौदा जण दुसरं, मग त्याच घराण्यातली मोठी होत जाणारी वाद्यं: बारा व्हिओला, दहा चेलो, आठ डबल बास. दोघांत एक स्टँड, त्याला डेस्क म्हणतात. प्रेक्षकांकडचा तो बाहेरचा, पलीकडचा तो आतला. पानं उलटायची आतल्याने. म्हणजे पान संपताना आतला हात काढतो आणि आवाज निम्मा होतो, तो बाहेरच्याने भरून काढायचा. पहिल्या डेस्कवरचा बाहेरचा म्हणजे कॉन्सर्टमास्टर. इंग्लंडात त्यालाच 'लीडर' म्हणतात.

त्याचं खरं काम कार्यक्रमाच्या आधी तीन-चार आठवडे, घरी, पेन्सिल घेऊन सुरू होतं. व्हायोलिनचा गज खाली ओढला की आवाजाला वजन येतं, वर ढकलला की तो फुलत जातो. एकाच ओळीत कुठे ओढायचा, कुठे ढकलायचा, किती सूर एका गजात बांधायचे, हे तो ठरवतो. याला आम्ही बोइंग म्हणायचो (विमानाशी संबंध नाही). त्याच्या खुणा सगळ्या स्टँडवरच्या प्रतींत उतरतात. दुरून सोळा गज एकत्र वरखाली होताना दिसतात ना, ते शोभेसाठी नसतं. गज वेगळा पडला की वाक्य वेगळं पडतं. एकाने 'येतोस का' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'ये, तोस का', तसं.

आणि यावरून भांडणं होतात बरं. ब्राह्म्स या संगीतकाराच्या एका पानावरून आमच्या कॉन्सर्टमास्टरचं आणि चेलोच्या प्रमुखाचं आठवडाभर बोलणं बंद होतं.

वाद्यं लावायचं म्हणाल, तर 'ए' हा सूर ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) देतो, कारण त्याचा सूर धारदार आणि स्थिर असतो. ४४० आवर्तनांचा प्रमाण 'ए', जर्मनीत आम्ही जरा वर, ४४२-४४३ ला लावायचो. कॉन्सर्टमास्टर फक्त उभा राहतो आणि ओबोकडे मान करतो. आधी फुंकवाद्यं, मग तंतुवाद्यं. त्यात करण्यासारखं फार नसतं, पण सगळ्यांची कुजबुज तिथे थांबते.

उरलेला भाग म्हणजे एकट्याने वाजवायच्या जागा. रिम्स्की-कोर्साकोवच्या 'शेहेरझाद'मध्ये (१८८८) गोष्ट सांगणारी राणी म्हणजे कॉन्सर्टमास्टरचं व्हायोलिन. खालून जवळजवळ काही आधार नाही, नुसती हार्प. रिचर्ड श्ट्राउसच्या 'हेल्डनलेबन'मधला सोलो तर त्याच्या बायकोचं शब्दचित्र आहे. लाडीगोडी, चिडचिड, रुसवा, सगळं त्या चार तारांवर. माझी सगळ्यात आवडती जागा मालर या संगीतकाराच्या चौथ्या सिम्फनीत (म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचनेत) आहे. तिथे कॉन्सर्टमास्टर शेजारी दुसरं व्हायोलिन घेऊन बसतो, त्याच्या चारही तारा एक पूर्ण स्वर चढवून लावलेल्या. कारण तिथे मृत्यू सारंगी घेऊन नाचायला येतो आणि तिचा आवाज कर्कश हवा असतो. दोन वाद्यं आलटून पालटून उचलायची, आणि बोटं तीच ठेवली तरी सूर वेगळा येतो. डोकं फिरतं.

उद्या पुढचं लिहिते. मुख्य मुद्दा राहिलाच आहे.

स्वरगंध | सोमवार, सकाळी ७.५०

छान माहिती. पण एक प्रामाणिक शंका. सोळा जणांनी दुसऱ्याने ठरवलेला गज मारायचा, यात कलावंताचं काय उरलं? आपल्याकडे गजाननबुवा जोशी घ्या, डी. के. दातार घ्या. व्हायोलिन गळ्यासारखं गायलं पाहिजे ही दृष्टी. मैफलीत प्रत्येक क्षण त्यांचा स्वतःचा. तिकडे जाऊन सोळांतला एक व्हायचं म्हणजे मला कारकुनी वाटते.

ताशा_उचल | सोमवार, सकाळी ८.२०

स्वरगंध, पथकात या एकदा. आमच्याकडे पन्नास ढोल असतात, ताशा उचलला की सगळे एका टिपरूवर आले पाहिजेत. एक जण अर्धा मात्रा पुढे गेला की लक्ष्मी रोडवरच्या माणसालाही कळतं. त्या पन्नासांत असण्याची जी मजा आहे ती एकट्याने गल्लीत ढोल बडवण्यात नाही. कारकुनी वगैरे काही वाटत नाही बुवा.

दुसरा_डेस्क ताई, तुमचा कॉन्सर्टमास्टर म्हणजे आमचा पुढचा ताशेवाला का?

दुसरा_डेस्क | सोमवार, रात्री ११.०५

ताशा_उचल, अगदी तोच! बावीस वर्षं तिकडच्या लोकांना समजावताना ही उपमा हाताशी नव्हती याचं वाईट वाटतंय.

स्वरगंध, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर माझ्या फजितीत आहे, ती सांगते.

जर्मनीत नोकरीसाठी जी चाचणी होते तिला प्रोबेश्पील म्हणतात. जाहिरात आली की अर्ज करायचा. बोलावणं यायलाच नशीब लागतं, माझे कित्येक अर्ज तिथेच संपले. पहिली फेरी पडद्याआड. मोत्सार्टच्या चौथ्या किंवा पाचव्या व्हायोलिन कन्चेर्टोचा (एकट्या वाद्यासाठी, ऑर्केस्ट्राच्या साथीने असलेल्या रचनेचा) पहिला भाग. वर्षानुवर्षं घासलेला तो तुकडा दोन-तीन मिनिटांत 'धन्यवाद' म्हणून थांबवला जातो. पुढे गेलात तर मोठा रोमँटिक कन्चेर्टो, आणि शेवटी ऑर्केस्ट्रातल्या अवघड जागा: श्ट्राउसच्या 'डॉन हुआन'चं पहिलं पान, शूमानच्या दुसऱ्या सिम्फनीतलं स्केर्ट्झो (जलद, खेळकर भाग), मोत्सार्टच्या एकोणचाळिसाव्या सिम्फनीतले तुकडे. जगभर थोड्याफार फरकाने हीच यादी. खाली बसलेले परीक्षक म्हणजे ऑर्केस्ट्रातलेच लोक, उद्याचे शेजारी. मत त्यांचं.

पडद्याची पद्धत अमेरिकेत बॉस्टन सिम्फनीने १९५२ साली सुरू केली. पुढे तर चालण्याच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून खाली गालिचा अंथरू लागले, बूट काढायला सांगू लागले. चेष्टा वाटते, पण व्हिएन्ना फिलहार्मोनिकने बाईला सभासद करून घेतलं १९९७ साली. बर्लिन फिलहार्मोनिक १८८२ सालचा, तिथे पहिली बाई कॉन्सर्टमास्टरच्या खुर्चीत बसली २०२३ साली. कर्वेरोडकर, लेकीला सांगा, दार आता उघडं आहे, पण उघडून फार दिवस झालेले नाहीत.

मी सव्विसाव्या वर्षी आत गेले, पहिल्या व्हायोलिनमध्ये मागच्या डेस्कवर. निवड झाली की वर्षभर उमेदवारी, मग पुन्हा सगळ्यांचं मतदान. ते पार पडलं. आठ वर्षांनी उपकॉन्सर्टमास्टरची जागा निघाली. मी अर्ज केला, चाचणी जिंकले, त्या खुर्चीत उमेदवारीला बसले. एरंडवण्यात पेढे वाटले गेले.

आणि वर्षअखेरीच्या मतदानात पडले.

वाजवण्यात खोट नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. सोलो तर झकास झाले होते. पण माझ्या मागच्या डेस्कवर बसणारे एक म्हातारे गृहस्थ होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मी खूप रडल्यावर त्यांनी कॉफी पाजली आणि म्हणाले, "तू फार सुंदर वाजवतेस. पण सूर कधी सुरू होणार हे आम्हाला तुझा आवाज आल्यावर कळतं. तोवर उशीर झालेला असतो."

हे मला कोणत्याही गुरूने शिकवलं नव्हतं. शिकवणार कसं, मी कायम एकटीच वाजवत आले होते! पहिल्या खुर्चीतला माणूस सूर यायच्या आधी दिसावा लागतो. तो श्वास घेतो तेव्हा मागच्या पंधरांनी घेतला पाहिजे. व्हायोलिनचं टोक दोन बोटं वर उचलून तो वेळ सांगतो, गज हवेत असतानाच सूर हलका येणार की जड ते सांगतो. पाठीने बोलायचं काम आहे ते.

मी परत तिसऱ्या डेस्कवर गेले, मग दुसऱ्यावर. त्या खुर्चीत दुसरी एक बाई आली. मी तिची पाठ बारा वर्षं पाहिली. पहिली दोन वर्षं असूयेने, नंतर शिकण्यासाठी. एकदा एका पाहुण्या कंडक्टरने संथ भागात आम्हाला एक मात्रा आधीच खूण केली. बाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. व्हायोलिन तेवढं किंचित खाली धरून ठेवलं, म्हणजे 'थांबा'. मग उचललं. सोळाच्या सोळा बरोबर जागेवर आले. कंडक्टरला वाटलं, त्यानेच आणलं. शेवटी त्याने हात मिळवला तो कशासाठी, हे आम्हाला माहीत होतं, त्याला नव्हतं.

तर स्वरगंध, कलावंताचं काय उरतं? मी सांगू शकेन असं वाटत नाही. पण त्या बाईच्या मागे बसून ब्राह्म्सच्या पहिल्या सिम्फनीचा दुसरा भाग वाजवताना, शेवटी तिचा सोलो आमच्या सगळ्यांच्या आवाजावरून वर निघून जातो, तेव्हा तो मला माझाही वाटायचा.

झोपाळू_मांजर | सोमवार, रात्री ११.३०

झोपायला निघाले होते. आता यूट्यूबवर ब्राह्म्स.

स्वरगंध | मंगळवार, सकाळी ७.१५

कारकुनी हा शब्द मागे घेतो. बाकी मत तेच.

बाजीराव_रोडचा_तर्कट | मंगळवार, सकाळी १०.१०

म्हणजे कंडक्टर नसला तरी चालतं. मग त्याला पैसे कशाला देतात?

रेकॉर्डवेडा | मंगळवार, दुपारी १.००

तर्कट, पूर्वी नसायचाच की! काठी घेऊन समोर उभं राहणारा माणूस ही एकोणिसाव्या शतकातली सोय. १७९१ साली हायडन हा संगीतकार लंडनला गेला तेव्हा तो वाद्यवृंद सालोमन नावाचा व्हायोलिनवाला वाजवता वाजवताच चालवत होता. व्हिएन्नाचा नववर्षाचा कार्यक्रम टीव्हीवर बघता ना? तो १९५५ ते १९७९ पर्यंत विली बोस्कोव्स्कीने चालवला. तो त्याच ऑर्केस्ट्राचा कॉन्सर्टमास्टर. हातात व्हायोलिन, मध्येच स्वतः वाजवणार, मध्येच गजाने इशारा. न्यूयॉर्कला ऑर्फियस नावाचा चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून कंडक्टरशिवायच वाजवतोय. पण मालरसाठी शंभर माणसं बसली की समोर कोणीतरी लागतं.

या धाग्यावर मेहली मेहतांचं नाव अजून कसं आलं नाही? प्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील, स्वतः व्हायोलिनवादक. १९३५ साली त्यांनी मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला आणि स्वतः कॉन्सर्टमास्टर झाले. १९४५ साली, चांगले संसारी असताना, न्यूयॉर्कला इव्हान गॅलामियन या व्हायोलिनच्या गुरूकडे पुन्हा विद्यार्थी म्हणून गेले. परत आले, कंडक्टर झाले. आणि मग पन्नाशीच्या उंबरठ्यावर सगळं सोडून मँचेस्टरला, बार्बिरॉली या कंडक्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात सहायक कॉन्सर्टमास्टर! आपल्या गावात स्वतःच उभ्या केलेल्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख, परक्या थंड गावात दुसऱ्या नंबरच्या खुर्चीत. पुढे लॉस एंजेलिसला १९६४ साली तरुणांचा ऑर्केस्ट्रा काढला आणि नव्वदीपर्यंत चालवला. झुबिनवर ढीगभर लिहिलं जातं, मला या म्हाताऱ्याचं जास्त अप्रूप वाटतं.

दुसरा_डेस्क | मंगळवार, रात्री ९.२०

रेकॉर्डवेडा, मेहलींची ती मँचेस्टरची खुर्ची मला त्या पडलेल्या वर्षी फार आठवायची. धन्यवाद.

कर्वेरोडकर (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री १०.००

ताई, तुमची सोमवारची पोस्ट लेकीला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. मग आत जाऊन आरशासमोर उभी राहिली आणि न वाजवता नुसती श्वास घेऊन व्हायोलिन उचलत होती, अर्धा तास. आजीने विचारलं, "हिला दमा झालाय का?"

आता व्यवहाराचं. शिक्षण, पैसे, इथे काय करता येईल? आणि तब्येतीचं ऐकून आहे की या लोकांची मान जाते.

दुसरा_डेस्क | मंगळवार, रात्री ११.४५

आजींना नमस्कार सांगा.

सोपं आधी. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी संगीत महाविद्यालयांना शिकवणीची फी जवळजवळ नाही. काही ठिकाणी युरोपबाहेरच्या मुलांना द्यावी लागते, बाडेन-व्यूर्टेम्बर्गमध्ये सहामाहीला १५०० युरो. खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी वर्षाला सुमारे १२ हजार युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात. भाषा लागते. पुण्यात जर्मन शिकणं ही काही अडचण नाही, दर तिसऱ्या घरात एक जण मॅक्स म्युलर भवनात जाऊन आलेला असतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीत संस्थेत शिकवणी फुकट आहे, पण तिथे घेतात मूठभर. तिकडे आठव्या ग्रेडला कोणी विचारत नाही. प्रवेशपरीक्षेला शेजारी बसलेली कोरियन मुलगी चौदाव्या वर्षी सिबेलियसचा अवघड कन्चेर्टो वाजवून आलेली असते. हे घाबरवायला नाही, पण लेकीला आत्ताच कळलेलं बरं.

जर्मनीत सरकारी पैशावर चालणारे व्यावसायिक ऑर्केस्ट्रा सव्वाशेच्या आसपास आहेत. जगात एवढी दाटी दुसरीकडे नाही. पण एका जागेला अर्ज येतात भारंभार. नोकरी लागली की मात्र पगार, रजा, निवृत्तिवेतन, सगळं सरकारी खात्यासारखं. माझ्या वडिलांना संगीतापेक्षा हेच ऐकून बरं वाटलं होतं.

आपल्याकडे पूर्ण वेळ व्यावसायिक म्हणावा असा एकच, तुम्ही पाहिलात तो. २००६ साली खुशरू सनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी उभा केला. त्यात बाहेरून आलेले वादक खूप आहेत, कारण इथे तेवढे तयार होत नाहीत. तिथे मुलांसाठी अकादमीही आहे. लेक मुंबईला जाऊन-येऊन शिकू शकत असेल तर बघा.

तब्येत: डाव्या जबड्याखाली डाग पडतो, तो आमचा गोंदलेला पत्ता. खांदा माझा गेलाच. कानाचं लोक बोलत नाहीत. डावा कान व्हायोलिनला चिकटलेला आणि पाठीमागे ट्रम्पेट. मी शेवटची दहा वर्षं कानात बोळे घालून वाजवलं. आणि हात थरथरू नयेत म्हणून चाचणीच्या दिवशी गोळ्या घेणारे मी ओळीने पाहिलेत. हे सगळं लेकीसमोर बोला.

पुण्यात काय, तर एकटीने वाजवणं कमी करा. कॅम्पात दस्तुर शाळेतल्या मझदा हॉलला पूना म्युझिक सोसायटीचे कार्यक्रम होतात, तिथे नेमाने जा. चार पोरं गोळा करून क्वार्टेट करा. दिवाणखान्यात, पंखा बंद करून. क्वार्टेटमध्ये श्वास शिकता येतो. आणि तिला काही महिने मुद्दाम दुसऱ्या व्हायोलिनला बसवा.

बाजीराव_रोडचा_तर्कट | बुधवार, सकाळी ९.३०

पंखा बंद का?

दुसरा_डेस्क | बुधवार, सकाळी ९.४५

पानं उडतात.

झोपाळू_मांजर | बुधवार, दुपारी ४.२०

शोधता शोधता हे सापडलं: २०१४ साली मिलवॉकीच्या ऑर्केस्ट्राचा कॉन्सर्टमास्टर कार्यक्रम संपवून गाडीकडे जात होता, चोरांनी विजेच्या झटक्याच्या बंदुकीने त्याला पाडलं आणि त्याच्याकडचं १७१५ सालचं स्त्रादिवारी (जगातल्या सर्वांत मौल्यवान व्हायोलिनांपैकी एक) पळवलं. नऊ दिवसांनी पोलिसांना ते सापडलं. आमच्या ऑफिसात लॅपटॉप गेला तर आयटीवाला इतका धावत नाही.

रेकॉर्डवेडा | बुधवार, संध्याकाळी ६.१०

याच जातीचा, पण गोड किस्सा. १९८६, अमेरिकेतला टँगलवुडचा महोत्सव, बॉस्टन सिम्फनी, समोर कंडक्टर म्हणून स्वतः बर्नस्टाइन, त्याचीच रचना. सोलोला चौदा वर्षांची मिदोरी. वाजवताना तिची वरची तार तुटली. तिने शांतपणे कॉन्सर्टमास्टरचं व्हायोलिन घेतलं आणि पुढे चालू. थोड्या वेळाने त्याचीही तार तुटली! मग शेजारच्याचं घेतलं. तुकडा पूर्ण केला. पोरीचं कौतुक सगळे करतात, पण तुमचं वाद्य हसत पुढे करायचं आणि हातात तुटकं घेऊन खाली बसायचं, हेही पहिल्या खुर्चीचंच काम.

पेठेतला_पंतोजी | बुधवार, रात्री ८.००

कॉन्सर्टमास्टरला मराठी शब्द सुचवतो: वृंदाग्रणी.

ताशा_उचल | बुधवार, रात्री ८.०५

पंतोजी, पथकात हा शब्द उच्चारेपर्यंत मिरवणूक अलका चौकात पोचेल.

कर्वेरोडकर (धागाकर्ता) | सात आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.३०

धागा वर काढतोय, कारण सांगायचं राहिलं होतं. चौघांचं क्वार्टेट जमलंय. दोघं औंधहून येतात, चेलोवाला मुलगा रिक्षात मावत नाही म्हणून त्याच्या वडिलांची गाडी. आमच्या दिवाणखान्यात दर रविवारी हायडन. लेक दुसऱ्या व्हायोलिनला. पहिल्या दिवशी तोंड फुगवून बसली होती. आज मधल्या एका जागी पहिल्या व्हायोलिनवाला मुलगा गडबडला, तेव्हा हिने नुसतं व्हायोलिन उचललं आणि तिघं परत एका जागी आले. मला संगीतातलं काही कळत नाही, पण ते दिसलं.

जर्मनचा वर्ग लावलाय. इंजिनिअरिंगचा फॉर्मही भरलाय, खोटं कशाला बोलू. बायको म्हणते दोन्ही राहू दे.

ताई, एक तातडीचं. पाऊस सुरू झाल्यापासून तिच्या व्हायोलिनच्या खुंट्या फुगून घट्ट बसल्यात, फिरतच नाहीत. आणि बाजूची एक फट किंचित उकलल्यासारखी वाटतेय. फेविकॉल लावू का?

दुसरा_डेस्क | रविवार, रात्री ९.३४

फेविकॉलला हात लावू नका!! ते वाद्य सरसाने जोडलेलं असतं, दमट हवेत सुटतं आणि पुन्हा जोडता येतं. फेविकॉलने कायमचं जाईल. खुंटी सहज फिरली तरच तारा जरा सैल करा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, खुंट्यांवर जोर लावू नका. उद्या सकाळी घेऊन या, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. आणि लेकीलाही आणा.